ओमारूचे पेरू

६ मे

काल चर्चच्या हॉलमध्ये उभा राहून मी जे काही बोललो, ते आज सकाळी लेसिएलीने मला चहासोबत परत ऐकवलं. एकही शब्द गाळला नाही. इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोला नवऱ्याचा आवाजसुद्धा हुबेहूब काढता येतो.

झालं असं. काल फाकामे होता, आमचा मुलांचा रविवार. पोरं पांढऱ्या कपड्यांत एकेक करून पुढे आली, वचनं म्हणाली. कोणी अडखळलं, कोणी रडलं, आयांनी खालून ओठ हलवून सगळ्यांना शेवटपर्यंत नेलं. मग जेवण. भुईतल्या भट्टीत भाजलेलं डुक्कर, सुरण, नारळाच्या दुधातलं अळू, सगळं व्यवस्थित. शेवटी कोणीतरी पाकातल्या पेरूंचे डबे फोडले. वुनाची धाकटी नात माझ्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, "हे झाडाला डब्यासकट लागतात का?"

सगळे हसले. मला हसू येईना. इथे न्यूझीलंडच्या थंडीत जन्मलेल्या पोरांना पेरूचं झाडच माहीत नाही! मी उठलो आणि म्हणालो, "पुढच्या फाकामेला या हॉलमधल्या प्रत्येक पोराच्या हातात माझ्या झाडाचा एकेक पेरू असेल. अख्खा. इथे ओमारूत पिकलेला."

वुना माझा मांसाच्या कारखान्यातला जुना सोबती. आम्ही दोघांनी एकाच पट्ट्यापाशी उभं राहून वीस वर्षं बकऱ्यांची कातडी सोलली आहेत. तो बसल्या जागेवरून ओरडला, "कुठली झाडं? काचघरातल्या त्या तीन काठ्या? अरे फोतू, आपल्याकडे डुकरं जे खाऊन कंटाळतात, त्याला तू काचेचा बंगला बांधून दिलास, आणि तरी ते फळत नाही!"

हॉल पुन्हा हसला. आता मागे फिरता येत नाही.

झाडं तीन आहेत. माका, आमचा मुलगा, त्याच्या लग्नाला ऑकलंडला गेलो होतो, तेव्हा तिथल्या रोपवाटिकेतून मी ती मांडीवर धरून फेरीबोटीने आणली. अर्ध्या कापलेल्या पिंपांत लावली. नावं आमच्या टोंगा देशातल्या बेटांची ठेवली. टोंगाटापू थोराड आणि आळशी. वावाऊ सरळ, देखणं. हापाई बुटकं आणि एका बाजूला कललेलं. पण मी हापाईचा, त्यामुळे मागच्या भिंतीजवळची उबदार जागा त्याची. अजून एकावरही फळ धरलेलं नाही.

शेजारच्या नोएलीनबाई गावच्या बागकाम मंडळाच्या चिटणीस आहेत. त्यांच्या काचघरातली काळी द्राक्षं दरवर्षी पहिलं बक्षीस घेतात. त्या म्हणतात, काचेखाली काही वाढवायचं तर लिहून ठेवत जावं. खांदा गेल्यापासून माझं काम सुटलंय, वेळ भरपूर आहे. म्हणून ही वही.

१९ जून

सकाळी अंगण पांढरंधोप. पायाखाली गवत काचेसारखं मोडत होतं. काचघराच्या भिंतींना आतून फुगेवाला प्लास्टिकचा कागद लावलाय, पाण्याची पिंपं काळी रंगवून रांगेत ठेवली आहेत, म्हणजे दिवसभर ती ऊन पितात. तरी आत माझ्या तोंडातून वाफ निघत होती. मी घरात जाऊन पाहुण्यांची रजई काढली आणि हापाईला गुंडाळली.

लेसिएली दारात आली. "ती माझ्या बहिणीने दिलेली रजई आहे."

"परत देतो."

"झाड आजारी आहे का तू?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून नोएलीनबाईंचा आवाज. "फोतू, पाणी किती घालतोस?"

"रोज बादलीभर."

"का?"

"झाडाला तहान लागते."

"झाड झोपलंय. झोपलेल्या माणसाच्या तोंडात तू बादली ओततोस का?"

मी म्हणालो, "बाई, मी जन्मलो ते घर पेरूच्या झाडांत बुडालेलं होतं."

"आणि तिथे असा हिवाळा होता?"

मी आत निघून आलो. फार बोलतात त्या.

पाणी बंद केलं आहे. त्यांच्या सांगण्यावरून नाही. नळ गोठला होता.

२८ जुलै

पानं जांभळी पडली. थंडीने होतं असं म्हणे. वावाऊची निम्मी पानं गळून पडली. आज रविवार, कामाला हात लावायचा नाही. मी चर्चहून आल्यापासून खिडकीत बसून काचघराकडे बघत होतो. एक काच वाऱ्याने निखळून लटकत होती.

लेसिएली म्हणाली, "जा बाबा, लाव ती काच. देवाला काय थंडी कळत नाही?"

लावली. मनात दोन ओळींची प्रार्थना म्हटली आणि चार खिळे ठोकले.

खरं लिहायचं तर आज पहिल्यांदा वाटलं, वुना बरोबर बोलला होता. काठ्याच आहेत.

३० ऑगस्ट

छाटणी. हा दिवस मी महिनाभर टाळत होतो. नोएलीनबाई म्हणतात, पेरू नव्या फांदीवरच फुलतो, तेव्हा कापायचं तर सढळ हाताने काप. गावाकडे आम्ही पेरूची झुडपं कोयत्याने तोडायचो, जाळायचो, तरी ती परत यायची. इथे मी कात्री हातात धरून अर्धा तास उभा होतो आणि बोटाएवढी फांदी कापवेना.

शेवटी सेइनी आली. सेइनी माझी सून, माकाची बायको. ऑकलंडला वाढली, इथे वृद्धाश्रमात कामाला जाते. दोन वर्षांपूर्वी ते जे झालं त्यानंतर ती कमी बोलते. मीही तो विषय काढत नाही. माझा समज होता की तिला या झाडांचं काहीच नाही. ती म्हणाली, "बाबा, मी फांदी धरते. तुम्ही डोळे मिटून कापा."

"डोळे मिटून बोट जाईल."

"मग उघडे ठेवून कापा, पण कापा."

कापलं. तिन्ही झाडं अशी बोडकी झाली की लेसिएलीने दारातून बघून छातीवर क्रूसाची खूण केली नाही एवढंच.

१७ ऑक्टोबर

फुटवे! टोंगाटापूवर, वावाऊवर, आणि हापाईच्या कललेल्या बाजूवरसुद्धा. तांबूस, लवदार, लेकराच्या कानाएवढे. मी नोएलीनबाईंना कुंपणावरून हाक मारून दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "शाबास," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द गावात कोणी ऐकला असेल असं मला वाटत नाही. मी घरी येऊन तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना माका झोपला होता, तरी सांगितलं.

५ डिसेंबर

फुलं आली आहेत. पांढरी, मधे केसरांचा झुबका. आत मधमाशी येत नाही, म्हणून परागकण हाताने फिरवायचे. त्यासाठी मऊ ब्रश हवा होता. सेइनीने आपला गालाला पावडर लावायचा ब्रश आणून दिला. मी एकेका फुलाला गुदगुल्या करत होतो तेवढ्यात दारात वुना.

"काय रे, झाडांचा मेकअप चाललाय?"

"नवरी सजवतोय. तू वरातीला ये."

"वरात निघाली तर येईन!" तो हसत गेला. पण जाताना वावाऊच्या झाडासमोर जरा थांबला. तो वावाऊचा आहे ना. आपल्या बेटाचं झाड सगळ्यांत फुललंय हे त्याने बघितलं, आणि मला ते त्याच्या पाठीवरूनही कळलं.

२० जानेवारी

फळं धरली. हिरवी, सुपारीएवढी, काही लिंबाएवढी. पोरं चाळीसच्या आत आहेत आणि फळं साठाच्या वर. निम्म्याहून जास्त एकट्या वावाऊवर, याचं मला थोडं वाईट वाटतं. हापाईवर पंधराएक आहेत. पण काय पंधरा! ठसठशीत.

शुक्रवारी कावा, आमचं मुळीचं पेय, प्यायच्या बैठकीत मी हे सगळ्यांना सांगितलं. मग पाद्रीबुवांना सांगितलं. दुकानातल्या मुलीलाही सांगितलं. लेसिएली म्हणाली, "आता फक्त रेडिओवर जायचं राहिलंय."

अभिमान वाटतो तर वाटतो. लपवायचं काय त्यात?

९ फेब्रुवारी

हापाईवरून चार फळं गायब. देठं तशीच, फळं नाहीत. नोएलीनबाई म्हणाल्या, पोसम असेल, झाडावरचा तो शेपटीवाला चोर. मी दाराच्या फटीला जाळी ठोकली.

घरात दुसरीच कटकट. सेइनीला मटणाचा वास सोसत नाही. काल लेसिएलीने मटण शिजवलं, ही ताट ठेवून बाहेर गेली आणि काचघरात जाऊन बसली. वृद्धाश्रमात पोटाची साथ आली असेल. मी लेसिएलीला म्हटलं, "तिला जुलाबाचं औषध दे." लेसिएलीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच जुलाब आहे.

२१ फेब्रुवारी

आणखी पाच! सगळे हापाईचे. पोसम कसला हा, एवढा नेमका? कच्चे, तुरट, दात आंबवणारे पेरू खातो आणि पिंपाच्या कडेवर पांढरं काहीतरी सांडून जातो. मी जिभेला लावून बघितलं. मीठ. पिंपाच्या पत्र्याला खार फुटला असणार.

मी सेइनीला विचारलं, "तू दुपारी तिथे बसतेस, कोणी दिसलं का?"

ती म्हणाली, "नाही बाबा."

"वुनाची नात?"

"नाही हो. तिच्यावर नका घेऊ."

माका फोनमध्ये काहीतरी बघत होता, त्याने मानच वर केली नाही. या घरात माझ्या झाडांची काळजी मी सोडून कोणाला नाही.

१३ मार्च

चोर कमी होता म्हणून आता रोग. वावाऊच्या फांद्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण पडलेत, कापूस चिकटवल्यासारखे. नोएलीनबाई म्हणाल्या, साबणाच्या पाण्याने पूस, रोज, धीर धर. दोन दिवस पुसलं, खांदा निकामी झाला. त्या आता बहिणीकडे गेल्या आहेत. वुनाला सांगितलं तर त्याने त्याच्या शेडमधून जुनी बाटली काढून दिली. लेबल केव्हाच उडालेलं. म्हणाला, "याने हत्तीसुद्धा मरेल."

आज वावाऊवर फवारलं. वासाने माझेच डोळे चुरचुरले. पण ढेकूण टपाटप पडले.

उद्या सकाळी पिंपांमागे लपून बसणार आहे. चोर कोण ते बघतोच.

१४ मार्च

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

नाश्ता करून मी पिंपांमागे जाऊन बसलो. सेइनी रात्रपाळी करून आली, आत आली, दार लावलं. उलट्या बादलीवर बसली. हापाईवरून एक पेरू तोडला, खिशातून कागदाची पुडी काढली, पेरूला मीठ लावलं आणि खाल्ला. डोळे मिटून. मी इतकी वर्षं लोकांना जेवताना बघतोय, असं सुखाने खाताना कोणाला बघितलं नाही. खाताना तिचा डावा हात पोटावर होता.

मी उठलो तो ओरडतच. "तूच होय!" ती दचकून उभी राहिली. आणि मग मला बाटली आठवली.

"वावाऊचा खाल्लास का? काल? आज?"

"काय?"

"त्या झाडाचा! खाल्लास का?"

"मला नाही आठवत... काल संध्याकाळी एक... बाबा, काय झालं?"

"काल मी त्याच्यावर विष मारलंय!"

ती पांढरी पडली. दोन्ही हातांनी पोट धरून खाली बसली आणि म्हणाली, "परत नको. परत नको."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मटण, मीठ, बादली, हात. लेसिएलीचं ते बघणं. सगळं एकदम.

लेसिएली धावत आली. आम्ही तिला गाडीत घातलं. मी बाटली पिशवीत घेतली. दवाखान्यात नर्सच्या टेबलावर ती ठेवली आणि सांगितलं, हे मी मारलं, मीच, माझ्या सुनेने कदाचित खाल्लंय, तिच्या पोटात मूल आहे, मला माहीत नव्हतं. नर्स म्हणाली, बसा. मी बसलो नाही.

सासऱ्याने आत जायचं नसतं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभा. मग आतून आवाज यायला लागला, कारखान्यातला जुना पंप कसा भरभर धापा टाकायचा, तसा. मला वाटलं तिच्या पोटातलं विष उपसतायत. मी तोंड भिंतीकडे केलं.

लेसिएली बाहेर आली. रडत होती. मी म्हटलं, "सांग."

"ऐकलंस का?"

"पंप ऐकला."

"अरे मूर्खा," ती म्हणाली, "पंप नाही तो. तुझं नातवंड आहे. त्याचं काळीज."

मी तिथेच जमिनीवर बसलो.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुपारपर्यंत तिला ठेवून घेतलं. काही नाही म्हणाल्या. शांत झाल्यावर सेइनीला आठवलं, कालचा पेरू सकाळचा, फवारणीच्या आधीचा, आणि तोही हापाईचाच. पोटातली कळ भीतीने आली होती. भीती मी घातली होती.

माका कारखान्यातून पांढऱ्या बुटांतच आला. परत येताना गाडीत मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

सेइनी मागच्या सीटवरून हळूच म्हणाली, "बाबा, रागवू नका. मागच्या वेळी तुम्हाला सांगितलं आणि रविवारी सगळ्या चर्चला कळलं. वुनाकाकांनी बाळाच्या मेजवानीला डुक्करसुद्धा राखून ठेवलं होतं. आणि मग... मग एकेकाला मला सांगावं लागलं, की आता नाही. दुकानातल्या मुलीलासुद्धा."

तिला मीठ लावून पेरू खाताना बघितलं तेव्हा मी चिडलो होतो, याची आता मला शरम वाटते.

१५ मार्च

वावाऊचे सगळे पेरू तोडले. पस्तीसच्या आसपास असतील, मोजले नाहीत. मागे खोल खड्डा खणून पुरले. नोएलीनबाई परतल्या होत्या, कुंपणाशी आल्या. मी सगळं सांगितलं, फक्त सेइनीचं सोडून.

त्या म्हणाल्या, "औषध कुठलं ते कळलं तर काही आठवड्यांनी खाता येतील कदाचित."

"कळणार नाही. आणि कळलं तरी कुठल्याच पोराच्या हातात मी ते देणार नाही."

त्यांनी वाद घातला नाही. गेट उघडून आत आल्या, त्यांचं फावडं घेऊन, आणि माझ्या बरोबरीने माती ओढली. माझा खांदा बघून जास्त त्यांनीच ओढली. सगळ्यांत देखण्या झाडाचे सगळ्यांत चांगले पेरू. त्याच्या एकेका फुलावर मी ब्रश फिरवला होता.

बाटली वुनाने दिली होती हे मी कोणाला सांगितलेलं नाही. फवारली मी.

संध्याकाळी सेइनीपुढे एक वाटी ठेवली. हापाईचे दोन हिरवे पेरू, चिरून, मीठ लावून. ती म्हणाली, "बाबा, नको, पोरांना कमी पडतील."

मी म्हटलं, "पोरालाच देतोय."

६ एप्रिल

जगात याहून अवघड काम नसेल. मला आतून उकळ्या फुटतायत आणि तोंड बंद ठेवायचंय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय सगळं ठीक आहे, पण सेइनी म्हणते अजून थांबू या, माका सांगेल योग्य वेळी. माका! त्या मुलाने आजवर मोठ्याने बोलून काही सांगितल्याचं मला आठवत नाही. तो आपल्या आईवर गेलाय असं मी म्हणणार होतो, पण लेसिएलीसुद्धा बोलते.

काल कावाच्या बैठकीत वुना म्हणाला, "काय फोतू, पेरू किती उरले?"

"आहेत."

"पोसम खातोय म्हणे."

"हो. भलताच खादाड आहे."

"पकडलास?"

"पकडला."

"मारलास?"

"नाही," मी म्हटलं, "पाळलाय."

सगळे हसले. मी नारळाच्या वाटीत तोंड घातलं आणि ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

घरी येऊन लेसिएलीला सांगितलं, आज मी बोललो नाही. ती म्हणाली, "कळलं. तुझे कान लाल झालेत."

२६ एप्रिल

पहिला पेरू पिकला. टोंगाटापूवरचा. सकाळी दार उघडलं आणि वासच अंगावर आला. आई आठवली, पावसानंतरची आमची पायवाट आठवली, फुटलेल्या पेरूंवर घोंगावणाऱ्या माश्यासुद्धा आठवल्या. बाहेर अंगणात धुकं, कुंपणावर दंव, आणि आत हा वास. इथे, ओमारूत. माझ्या हातचा!

सेइनीला पिकलेले आवडत नाहीत म्हणे आता. तिला कच्चेच हवेत. हापाईवर आता कच्चा एकही नाही, सगळे तिने आणि तिच्या त्या खादाडाने संपवले. मी त्या झाडाच्या बुंध्यावर थाप मारली. कललेलं आहे, पण कामाला आलं.

मे, पहिला रविवार

टोपलीत अकरा पेरू. बस. अकरा.

जायच्या आधी लेसिएलीने माझ्या कमरेला आमची सणाची विणलेली चटई बांधताना विचारलं, "काय सांगणार आहेस?"

"खरं तेवढंच."

"सगळं खरं?"

"माझ्या वाटचं."

पोरांनी वचनं म्हटली. जेवण झालं. मग वुना उठून टाळ्या वाजवत म्हणाला, "चला, वरात कुठंय? पोरांनो, हात पुढे करा, फोतूआजोबा प्रत्येकाला अख्खा पेरू देणार आहेत!" पोरं खरंच रांगेत उभी राहिली. पांढरे कपडे, हात पुढे. वुनाची ती नात सगळ्यांत पुढे.

मी उभा राहिलो. मागच्या वर्षी मला शब्द शोधावे लागले नव्हते. आज एकेक शब्द मोजून काढला. म्हणालो, "मी बोललो होतो की प्रत्येकाला अख्खा देईन. तेवढे नाहीत. काही मी माझ्या चुकीने घालवले. काही झाडावरच गेले. अकरा उरलेत. ते मी चिरून देतो. फोडी लहान असतील. पोरांनो, माफ करा."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. फक्त वुना, त्याला गप्प बसवत नाही, तो म्हणाला, "आणि तुझा तो पाळलेला पोसम? त्याने किती खाल्ले ते सांग की!"

मी सुरी घेतली आणि पहिला पेरू चिरला. आतून गुलाबी. वास टेबलावरून पुढच्या रांगेत गेला, मग मागे गेला. मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायका एकदम बोलायच्या थांबल्या. मी खाली मान घालून चिरत होतो. उत्तर द्यायचं नव्हतं.

तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माका उभा राहिला होता.

"मी सांगतो," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक की पाद्रीबुवांनी कानाला हात लावला. माकाने घसा खाकरला. "मी सांगतो पोसमने किती खाल्ले. पंधराएक तरी. मीठ लावून. तो पोसम सेइनीच्या पोटात आहे. साडेचार महिन्यांचा. माझ्या बाबांना मार्चपासून माहीत आहे. त्यांनी कोणाला सांगितलं नाही." मग हॉलकडे बघून तो पुन्हा म्हणाला, कारण कोणाचा विश्वास बसत नव्हता, "माझ्या बाबांनी. कोणालाही. सांगितलं नाही."

मग काय झालं ते लिहिता येत नाही. छप्पर उडालं म्हणावं. बायका सेइनीकडे धावल्या. त्यांतल्या निम्म्या आधीच ओळखून होत्या, असं लेसिएली म्हणते. वुना मधल्या टेबलांना वळसा न घालता सरळ त्यांवरूनच आला आणि मला मिठी मारली. माझ्या हातात सुरी होती, ती मी कशीबशी वर धरली. "डुक्कर माझं," तो माझ्या कानात म्हणाला, "या वेळी दोन." तो रडत होता.

माका तसाच उभा होता, हात कुठे ठेवावे ते न कळून. माझा मुलगा. त्याच्यासारखं बोलायला मला जन्मभर जमलं नाही. मोजक्या वाक्यांत सगळं सांगितलं त्याने, आणि एकही जास्तीचं नाही.

वुनाची नात अजून रांगेत होती. ती म्हणाली, "आजोबा, फोड."

मी दिली. तिने चावली, बिया दातांत कडकड वाजल्या, ती थांबली. "या थुंकायच्या का गिळायच्या?"

"गिळायच्या," मी म्हटलं.

तिने गिळल्या आणि पुन्हा हात पुढे केला. तिच्या मागे पोरांची रांग दारापर्यंत होती. मी फोडी आणखी बारीक करायला घेतल्या.

२४ सप्टेंबर

मुलगी. पहाटे झाली. दोघी ठीक. मला दुपारी हातात दिली. कपाळ माझं आहे, यात वाद नाही. मी चर्चमध्ये कोणाला फोन केला नाही. माकाने केला, मीच करेन म्हणाला होता.

आज काचघरात गेलोच नाही.